आयकाक येता, पण कळणा नाय

लग्न, जत्रा, सभा, नाटक, सत्यनारायण. मयत सोडलं तर माणसाच्या घरातल्या प्रत्येक प्रसंगाला मी हजर राहिलो आहे. नातेवाईक म्हणून नव्हे, माझ्याकडे लाउडस्पीकर होता म्हणून. पन्नास-साठच्या दशकांत मालवण आणि आसपासच्या गावांत मला ‘भोंगेवालो वसंत’ म्हणत. कुणी विचारलंच तर मी स्वतःला ‘ध्वनिक्षेपक व्यवस्था’ म्हणवून घ्यायचो, पण ते बिलावरच शोभायचं.

आजच्या वाचकाला त्या धंद्याची कल्पना यावी म्हणून थोडं सांगतो. तेव्हा गावोगाव वीज नव्हती. माझा अँप्लिफायर म्हणजे एक लोखंडी पेटी. तिच्यात काचेचे व्हॉल्व्ह होते. ते तापून लाल झाल्याशिवाय पेटी तोंड उघडायची नाही. तिला चालवायला मोटारीच्या बॅटऱ्या लागत, आणि त्या भरून आणायला भाताच्या गिरणीवर न्याव्या लागत, कारण इंजिन तिथेच. त्याशिवाय एक माइक, वायरची भेंडोळी आणि दोन भोंगे. हे सगळं कधी एस.टी.च्या टपावर, कधी बैलगाडीत, तर कधी होडीतून जायचं. होडीत बॅटरी मी मांडीवर घेऊन बसायचो. त्या आम्लानं माझ्या किती लेंग्यांना भोकं पडली याचा हिशेब माझ्या आईलाच ठाऊक.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “आवाज केवढो जाता?” भाड्याची बोलणी त्यानंतर. खारेपाटणला एका लग्नात वरबापानं मला दोन्ही भोंगे खाडीकडे तोंड करून बांधायला लावले. मांडव एका बाजूला, भोंगे दुसऱ्या बाजूला. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “पलीकडे माझो भाऊस रवता. तेका आमंत्रण नाय. पण लग्न असा ह्यां तेका कळूक व्हया.” दिवसभर मी खाडीला सनई ऐकवली. त्या कामात मला काहीच अडचण आली नाही. पलीकडे फक्त आवाज पोचवायचा होता, शब्द नव्हे.

आवाज पोचणं आणि शब्द पोचणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्यानंतरच्या महाशिवरात्रीला कुणकेश्वरात कळलं.

कुणकेश्वरचं देऊळ अगदी समुद्राला लागून. जत्रेला माणूस मावत नाही, तेव्हा अर्धी जत्रा वाळूत उतरते. मी देवळाच्या बाजूच्या मंडपात पेटी मांडली होती. एक भोंगा माडावर बांधून वाळूकडे वळवला होता, दुसरा वरच्या अंगाला बाजाराकडे. सूचना सांगायला उत्सवाची व्यवस्था बघणारे दाजी बसले होते. माणूस उत्साही. माइक हातात आला की तो घास असल्यासारखा ओठाला लावायचे. “अमुक गावच्या बाईंची पिशवी सापडली आहे,” “वाळूत गाड्या घालू नका,” असं सकाळपासून चाललं होतं. वाळूवरून दर थोड्या वेळानं कुणीतरी वर येऊन सांगायचा, “काय सांगतास तां कळणा नाय, आवाज वाढय!” मी वाढवत होतो. धंदाच वाढवण्याचा.

ऊन डोक्यावर आलं असताना एक गडी घामाघूम होऊन मंडपात शिरला. मिठबावचा गणपत. त्याचा चुलतभाऊ जयराम गलबतावर खलाशी होता. मंगळुरी कौलं घेऊन मुंबईला निघालेलं त्याचं गलबत कित्येक आठवडे बेपत्ता होतं. मालकानंही आशा सोडली होती. जयरामची आई तारामावशी त्याच्यासाठी नवस बोलायला पहाटेच कुणकेश्वरला निघून आली होती. आणि ती घरातून गेल्यावर काही वेळानं जयराम चालत दारात येऊन उभा राहिला. डोलकाठी मोडून गलबत भरकटलं होतं, कारवारच्या बाजूला कुठे लागलं होतं, पण माणसं सगळी जिवंत होती. आईला ही बातमी द्यायला गणपत धावत सुटला होता. एवढ्या गर्दीत म्हातारीला शोधणार कुठे? म्हणून तो आमच्याकडे आला.

दाजींना भरून आलं. असली सूचना द्यायची संधी त्यांना कधी मिळणार? त्यांनी माइक ओठाला लावला आणि छाती भरून ओरडले, “मिठबावच्या तारामावशी! तुमचो जयराम इलो! जयराम इलो! मंडपाकडे येवा!”

आम्ही वाट बघत राहिलो. कुणी आलं नाही. मात्र खाली वाळूवरून बायकांचा एक गलका उठला. गणपत म्हणाला, “तिका आयकाक नाय गेला.” दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “वाढय रे!” मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. दाजींनी पुन्हा सांगितलं. गलका वाढला. दाजींनी पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात खाली बांगड्यांचं दुकान मांडलेला एक कासार रागानं लाल होऊन वर आला.

“तुमका काय काळीज असा की नाय? कितक्यांदा सांगतास तां? ती बाय थंय वाळूत आपटून घेता!”

“कशाक आपटून घेता?” दाजींनी विचारलं.

“कशाक म्हणजे? तिचो झील मेलो म्हणान तुम्हीच बोंबलतास ना?”

गणपत तसाच खाली पळाला. मी दाजींना म्हटलं, “दाजी, तुम्ही तेच बोलत राहा. मी खाली जाऊन ऐकतो.” त्यांना ते पटलं नाही, पण ते बोलत राहिले.

पायऱ्या उतरून मी वाळूत थोडा आत गेलो आणि उभा राहिलो. एका बाजूला समुद्राचा आवाज, दुसऱ्या बाजूला जत्रेचा, आणि डोक्यावर माझा भोंगा. दाजी काय बोलताहेत ते मला पूर्ण माहीत होतं. तरीसुद्धा माझ्या कानांनी जे ऐकलं ते असं होतं: “जयरा-मेलो! जयरा-मेलो!”

माझंच यंत्र, मीच वाढवलेला आवाज, आणि ‘आला’चं ‘मेला’ झालेलं. ‘जयराम’चा शेवटचा ‘म’ पुढच्या ‘इलो’ला जाऊन चिकटत होता. त्यातच वरच्या भोंग्याचा आवाज किंचित मागाहून येऊन त्यावर आपटत होता. जितकं मोठ्यानं सांगावं तितकं जयरामचं मरण पक्कं होत होतं.

धावत मंडपात परत आलो. तारामावशी अजून वर आली नव्हती. गणपत गर्दीत हरवला होता. कासार खाली बघून सांगत होता की दोन-तीन बायका तिला धरून मिठबावच्या वाटेला लागल्या आहेत, म्हणजे ती भोंग्याच्या टप्प्याबाहेर चालली होती. मी आधी बाजाराकडच्या भोंग्याची वायर उपटली. बटण मागे आणलं, निम्म्याच्याही खाली. दाजींनी हात धरला. “अरे, कमी काय करतंस? ती लांब चल्ली ना!” मी माइक त्यांच्या हातातून घेतला. बोलणाऱ्याकडून माइक काढून घ्यायची माझी ही पहिलीच वेळ. तोंडापासून वीतभर लांब धरला. आता काय बोलावं? ‘इलो’ म्हणायची सोय नव्हती. ज्याला मरण चिकटणार नाही असं काहीतरी हवं होतं. तोंडाला आलं ते बोललो.

“तारामावशे. जयराम घराक असा. पेज जेवता. जयराम पेज जेवता. गरम पेज.”

एकेक शब्द सुटा सुटा करून सांगितला आणि मध्ये थांबलो. खालचा गलका हळूहळू विरला. मी पुन्हा सांगितलं. मग कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पेज जेवणारा माणूस मेलेला असू शकत नाही, हे जत्रेला पटलं होतं.

थोड्या वेळानं तारामावशी आली. केस सुटलेले, लुगड्याला वाळू, दोन्ही बाजूंनी बायका. गणपतही मागून पोचला. ती कुणाच्या पाया पडली नाही की रडली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पेज खंयची जेवता तो? चूल मी इझवन इलंय सकाळीच.”

पेज मी मनचीच घातली होती. गणपत मदतीला धावला. “आमच्याकडे जेवता गो काकी, आमच्या आवशीन दिल्यान.” तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल पडला. तिनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाली, “मेल्या, आधीच तसा सांगूक काय झाला होता?” आणि मग खाली बसून ओक्साबोक्शी रडली. दाजीही रडले. मी पेटीकडे बघत बसलो.

यंत्र बिघडलं असतं तर बरं झालं असतं, दुरुस्त केलं असतं. पण घरी येऊन सगळं तपासलं, यंत्र धडधाकट होतं. मग आवाज कमी केल्यावर जास्त कसं कळलं? भोंगेवाल्यानं स्वतःला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. हलवायानं साखर कमी घातल्यावर गोड कसं लागलं, असं विचारण्यासारखंच ते. पण डोक्यातून जाईना.

मालवणात प्राथमिक शाळेत फर्नांडिसबाई होत्या. शाळेच्या संमेलनाला माझा लाउडस्पीकर असे, त्यामुळे ओळख होती. बाई चाळिशीच्या, अविवाहित, वडलांना सांभाळून राहायच्या. बारीक आवाज, पण त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दोनदा विचारावं लागत नसे. म्हणून मी त्यांच्याकडे गेलो आणि कुणकेश्वरची हकिगत सांगितली.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “वसंत, तुझा भोंगा किती मोठा बोलतो ते तू गिऱ्हाइकाला सांगतोस. किती कळतो ते कधी मोजलंस का?”

“कळणं कसं मोजणार, बाई? त्याला काय वजन आहे?”

“आम्ही रोज मोजतो. शुद्धलेखन म्हणतात त्याला.”

पुढचे कितीतरी रविवार मी फुकटात मालवणच्या मोठ्या माणसांना शुद्धलेखन घातलं. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत बाईंचे दोन सहकारी, एक पोस्टमन, एक शिंपी आणि बाजारातले असेच चार-सहा उत्साही लोक पाट्या घेऊन वेगवेगळ्या अंतरावर बसायचे. मी पेटी सांभाळायचो, बाई माइकवर वाचायच्या. आधी बारीक आवाजात, मग मध्यम, मग मोठ्या. दर खेपेला पाट्या गोळा करून बाई तांबड्या खडूनं बरोबर-चूक करायच्या. शिंप्याला चूक निघालेली अजिबात सहन होत नसे. तो शेजाऱ्याच्या पाटीत बघायचा, म्हणून त्याला पार फणसाखाली बसवलं होतं.

पहिल्या रविवारी बाईंनी वाक्यं वाचली. जवळपास सगळ्यांची सगळी बरोबर आली. मी खूश. बाई मात्र पेन्सिल चावत बसल्या. “यातून काही कळत नाही,” त्या म्हणाल्या. “‘विहिरीतून पाणी काढलं’ यातलं ‘विहीर’ ऐकू आलं की ‘पाणी’ माणूस आपल्या मनानं लिहितो. हे ऐकणं नाही, ओळखणं आहे.” मग त्यांनी मला विचारलं, “तू भोंगा लावलास की काय बोलून बघतोस?”

“हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री.”

“ते तर अर्धं ऐकलं तरी कळेल. टू झाल्यावर थ्रीच येणार हे कुणाला माहीत नाही?”

इतकी वर्षं मी वन-टू-थ्री म्हणून यंत्र तपासत होतो, आणि ती तपासणी कधी नापास होणंच शक्य नव्हतं! मला हसू आवरेना. त्यानंतर बाईंनी सुटे शब्द काढले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण कानाला एकमेकांच्या जवळचे. पान, कान, दान, मान, रान. वाट, खाट, पाट, लाट. चुकीला भरपूर वाव.

आता खरी गंमत सुरू झाली. अगदी बारीक आवाजात लांबच्या पाट्या कोऱ्याच राहायच्या. आवाज वाढवला की बरोबर शब्द भराभर वाढायचे. इथपर्यंत कुणालाही सांगता आलं असतं. पण एका जागी आल्यावर आवाज वाढवूनही शब्द वाढेनात. आणि त्याच्याही पुढे नेला तर शब्द चक्क कमी व्हायला लागले! मला हे पटेना. वारा असेल म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा केलं. वारा उलटा होता, निकाल तोच. भोंगा बदलला, माणसांच्या जागा बदलल्या, माइकवर पोस्टमनला बसवलं. ती जागा थोडी पुढे-मागे सरकायची, पण चढ आणि मग उतार हा असायचाच.

त्यातला काही दोष माझ्या यंत्राचा होता. बटण शेवटपर्यंत नेलं की आमच्या भाषेत आवाज ‘फाटतो’. सगळी अक्षरं एकाच चाळणीतून खरवडून आल्यासारखी येतात. काही दोष भिंतींचा, कारण मोठा आवाज शाळेच्या भिंतीवरून परत यायचा आणि पुढच्या शब्दावर बसायचा. पण बाईंना बरोबर उत्तरांपेक्षा चुकांमध्येच जास्त रस. एकदा त्यांनी सगळ्या पाट्या ओळीनं मांडल्या.

“हे बघ. मी ‘पान’ म्हटलं. कुणी ‘कान’ लिहिलंय, कुणी ‘दान’ लिहिलंय. पण ‘पीन’ कुणी लिहिलंय का? ‘पून’ लिहिलंय?”

नव्हतं लिहिलं.

“म्हणजे ‘आ’ सगळ्यांना पोचला. तो धिप्पाड आहे, तो पोचणारच. तू बटण फिरवतोस तेव्हा तोच आणखी फुगतो. पण पान की कान हे त्याच्या आधीच्या त्या एवढ्याशा ‘प’वर ठरतं. तोंडासमोर हात धर आणि ‘प’ म्हण. केवढीशी फुंकर आहे बघ. तुझ्या गिऱ्हाइकाला मोठेपणा हवा असतो तो ‘आ’चा, आणि अर्थ राहतो फुंकरीत.”

मी कितीतरी वेळ तळहात तोंडापुढे धरून प, त, क करत बसलो होतो. शिंप्यानं विचारलं, “वसंता, भूत लागला की काय?”

त्यानंतर माझं काम बदललं. एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून मी पेटीतला जाडा खर्ज कापणारा एक तुकडा बसवून घेतला. एका मोठ्या भोंग्यापेक्षा लोकांच्या जवळ दोन लहान लावायला लागलो. बोलणाऱ्याला माइक गिळू देईना. गिऱ्हाइकं मात्र खूश झाली नाहीत. “वसंताचो भोंगो बारीक झालो,” अशी हाकाटी उठली, आणि दोन-तीन जत्रा माझ्या हातून कणकवलीच्या एका माणसाकडे गेल्या. त्याचा भोंगा तीन गावांत ऐकू जायचा. काय बोलतात ते एकाही गावात कळायचं नाही, पण तशी अपेक्षाही कुणाची नव्हती.

रेडीला मात्र ती विद्या उपयोगी पडली. तिथे बंदरात लोहखनिज बार्जमध्ये भरण्याचं काम चाले. धक्क्यावरून मुकादम हुकूम द्यायचा आणि खाली बार्जवरची माणसं दोर सांभाळायची. दगडमातीचा आणि इंजिनाचा आवाज एवढा की हुकूम कळायचा नाही. एकदा दोर भलत्याच वेळी सुटला आणि एका गड्याचा पाय थोडक्यात वाचला. तिथल्या साहेबांनी मला बोलावलं आणि मोठ्यात मोठा भोंगा लावायला सांगितलं. मी विचारलं, “आधी खालच्यांना किती कळतं ते मोजू या का?” साहेब हौशी निघाले. स्वतःच बार्जवर उतरून पाटी घेऊन बसले. मुकादमानं नेहमीचे हुकूम उलटसुलट क्रमानं दिले. वर आल्यावर साहेबांनी पाटी माझ्यापुढे धरली. ‘सोड’ आणि ‘ओढ’ यांची त्यांनी सर्रास अदलाबदल केली होती. त्या गदारोळात ‘स’ची सूं ऐकूच जात नव्हती, आणि ‘ओ’ दोन्हींत सारखाच. एकाचा अर्थ दुसऱ्याच्या नेमका उलटा! भोंगा केवढाही आणला असता तरी तो ‘ओ’च मोठा करून देणार होता. मुकादम म्हणाला, “मगे ‘सोड’ म्हणूकच नको. ‘मोकळा कर’ म्हणतंय.” आम्ही दोन लहान भोंगे बार्जच्या अगदी जवळ लावले आणि शब्द बदलला. त्यानंतर मी तिथे होतो तोवर तरी दोर चुकून सुटला नाही.

आता शेवटची गोष्ट. या कामाचे पैसे मिळाले नाहीत, आणि कुठे सांगायचा प्रसंगही आला नाही.

बाईंचे वडील पास्कू. त्यांना बाई ‘पाय’ म्हणत, कोकणी ख्रिस्ती घरात बापाला तसं म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आगबोटींच्या इंजिनघरात काढली होती. आता व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून असत. कानानं गेलेले. घरातले, शेजारचे, पाववाला, सगळेच त्यांच्याशी ओरडून बोलत. उत्तर भलतंच आलं की हसत. म्हातारा हट्टी आहे, ऐकायचं तेवढंच ऐकतो, असं बाईसुद्धा कधी त्राग्यानं म्हणायच्या. त्यांचं चर्चमध्ये जाणं चालू होतं, पण कुमसाराला, म्हणजे पाद्रीकडे पापांची कबुली द्यायला, ते कित्येक वर्षं गेले नव्हते. त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. जाळीपलीकडून पाद्री कुजबुजणार, ते यांना कळायचं नाही. मग पाद्रींना आवाज चढवावा लागे. शेवटच्या खेपेला पाद्रींनी विचारलेला प्रश्न बाहेर रांगेतल्या बायकांनीही ऐकला होता, आणि पास्कूंनी तर उत्तर त्याहून मोठ्यानं दिलं होतं. तेव्हापासून त्यांनी ती वाट सोडली. बाईंना त्याची फार बोच होती. वडलांचं वय झालं होतं.

एका रविवारी बाई म्हणाल्या, “वसंत, तुझी पेटी घरी आण. पायच्या कानाजवळ लावून बघू.”

मी लहान भोंगा व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीजवळ लावला. बाईंनी आतल्या खोलीतून माइकवर एकेक शब्द म्हणायचा आणि पास्कूंनी तो परत सांगायचा, असं ठरलं. बाई म्हणाल्या, “पान.” पास्कू म्हणाले, “रान?” “खाट.” “वाट?” मी आवाज वाढवला. तसंच. आणखी वाढवला, तर त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

“पुता, बोंब मारू नको!” ते मला म्हणाले. “माका आयकाक येता. पण कळणा नाय.”

हे वाक्य ते वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले असतील. आम्हीच ते बहिऱ्याचं बडबडणं समजत होतो. त्या दिवशी पाट्यांचे एवढे रविवार काढल्यामुळे मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. इंजिनानं त्यांचा ‘आ’ नेला नव्हता, फुंकरी नेल्या होत्या. ज्या उरल्याच नव्हत्या त्या मी मोठ्या करून काय देणार होतो?

तेवढ्यात माझी बॅटरी बसली. बाई कंटाळून बाहेर आल्या, वडलांसमोर स्टूल ओढून बसल्या, आणि दमलेल्या माणसाच्या हळू आवाजात म्हणाल्या, “पाय, आता राहू दे.”

“बरा, रावांदी,” पास्कू म्हणाले.

आम्ही दोघं चमकलो. बाईंनी तशाच आवाजात, तिथेच समोर बसून, यादीतले शब्द घेतले. “पान.” “पान.” “वाट.” “वाट.” काही चुकले, पण निम्म्याहून जास्त बरोबर. ते बाईंच्या ओठांकडे बघत होते. ‘प’ला ओठ मिटतात ते त्यांना दिसत होतं. सगळेच इतकी वर्षं शेजारच्या खोलीतून, पाठमोरे, चुलीपाशी उभे राहून ओरडत होते, आणि ओरडताना तोंड वेडंवाकडं करत होते. मी बाईंना उन्हाकडे तोंड करून बसायला सांगितलं. आणखी दोन शब्द वाढले. ‘खाट’ आणि ‘घाट’ मात्र ओठांवर सारखेच दिसतात, ते शेवटपर्यंत जमले नाहीत. जे वाक्यात येतं ते मात्र बहुतेक कळायचं. वाक्यात माणूस ओळखतो, हे पहिल्या रविवारी बाईंना खोटं यश वाटलं होतं. इथे त्याचाच आधार झाला.

पुढच्या आठवड्यात बाई पाद्रींकडे गेल्या. पाद्री नवे, तरुण होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. एका सकाळी पास्कूंना चर्चमागच्या बागेत आंब्याखाली दोन खुर्च्या टाकून बसवलं. मध्ये जाळी नाही. पाद्रींचं तोंड उजेडाकडे, पास्कूंच्या समोर हातभर अंतरावर. बाई आणि मी फाटकापाशी उभे राहिलो. बाईंच्या बोटांत जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हता.

पाद्री बोलत होते, पास्कू मान हलवत होते. मग पास्कू बोलले, खूप वेळ बोलले. मध्येच पाद्री हसले. मग पास्कूंनी डोळे पुसले. समुद्र तिथून जवळच, एवढं शांत होतं की त्याची गाज येत होती. पण त्या दोघांचा एक शब्दही आमच्यापर्यंत आला नाही.

थोड्या वेळानं पास्कू काठी टेकत फाटकाशी आले. बाई त्यांच्यासमोर गेल्या, उजेडाकडे तोंड केलं आणि हळू विचारलं, “पाय, पाद्री काय म्हणाले?”

पास्कूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना नीट कळलं होतं.

“तां तुका कशाक सांगू?” ते म्हणाले आणि घराच्या वाटेला लागले.